तसबिरीमागचं पत्र

रविवारची मिस्सा संपली. धर्मशिक्षणाच्या वर्गातली पोरं घरी पिटाळून सालोमी चर्चबाहेर आली, तेव्हा तिला दिसलं की आपल्या माघारी आपला निकाल लागून गेला आहे. स्कूटरपाशी फादर एडवर्ड हिलरीच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते आणि हिलरी मान डोलावत होता. हिलरी मान डोलावतोय म्हणजे काहीतरी कबूल करून बसलाय, हे बावीस वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं. समोरच्याला नाही म्हणणं या माणसाला जन्मात जमलं नाही. वालीवच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायच्या, आणि घरी येताना आणखी दोघांच्या मोटरी फुकट बघून द्यायचं कबूल करून यायचं.

या वेळी त्याने कबूल केलं होतं ते भलतंच होतं. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी लग्न ठरलेल्या जोडप्यांचं शिबिर होतं. दर वर्षी त्यात गावातलं एक जुनं जोडपं येऊन बोलतं, आणि यंदा फादरनी हिलरी-सालोमीचं नाव धरलं होतं. विषय होता, संसार मोडायला आला तर तो दुरुस्त कसा करायचा. हिलरी मोटरी दुरुस्त करतो, तेव्हा त्याला उदाहरणं सुचतील, असं फादर हसत म्हणाले. सालोमीही हसली. तिचे दात कसे आवळले होते ते फादरना दिसलं नाही.

फादरचा तरी काय दोष? ते दर रविवारी बघत होते, हे दोघं एकाच स्कूटरवरून येतात, एकाच बाकावर बसतात. घरात स्कूटर एकच होती म्हणून ती दोघं एकत्र येत होती. बाकावर दोघांच्या मध्ये एक माणूस सहज मावेल एवढी जागा असे आणि तिथे सालोमीची पर्स असे. फादरना वाटत असणार, बाईंची पर्स मोठी आहे.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. माणिकपुरात कारण सांगितलं की ते दुपारच्या जेवणाआधी त्यांच्या घरापाशी, उमेळ्यात पोचतं, आणि तिथून रात्रीपर्यंत त्याला चार नवी कारणं फुटतात. सालोमी माणिकपूरच्या शाळेत मराठी शिकवायची, अर्ध्या गावाची ती टीचर होती. तिने फादरना ‘बरं’ म्हटलं आणि स्कूटरवर मागे बसली, हिलरीच्या पाठीला हात लागणार नाही अशी.

घरी आल्यावर ती म्हणाली, “तुम्ही मला विचारायला हवं होतं.”

या ‘तुम्ही’चंही सांगायला हवं. त्यांच्या लोकांत बायको नवऱ्याला अरेतुरेच करते. लग्नाच्या आधीपासून, केळीच्या वाडीत एकमेकांना चोरून भेटायचे तेव्हापासून तो तिला ‘तू’ होता. गेल्या ईस्टरपासून ती त्याला ‘तुम्ही’ म्हणू लागली. घरची बोली सोडून शाळेतली शुद्ध मराठी बोलू लागली. ‘आपण जेवून घ्यावं, भाकरी झाकून ठेवली आहे.’ पाहुण्याशी बोलावं तसं. भांडण नाही, आदळआपट नाही. आठ महिने हिलरी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा राहत होता, आणि शेजारपाजारच्या बाया म्हणत होत्या, सालोमी नवऱ्याला किती मान देते बघा.

झालं होतं ते असं. त्यांच्या ओटीवरच्या खोलीत येशूच्या पवित्र हृदयाची मोठी तसबीर होती, आणि तिच्याखाली लाल रंगाचा झीरोचा बल्ब रात्रंदिवस जळायचा. पवित्र आठवड्यात, ईस्टरच्या आदल्या दिवशी, तो बल्ब गेला. हिलरी वालीवला होता. घरात कुठल्याही कामाला दहादा सांगावं लागणारा हा माणूस त्या तसबिरीचं मात्र सगळं आपणहून करायचा. धूळ तोच पुसायचा, बल्ब तोच बदलायचा, त्या भिंतीला चुनाही दर वर्षी तोच लावायचा. देवाचं काम म्हणून हौसेने करतो, असं सालोमीने नॅन्सीला, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला, कौतुकाने सांगितलंसुद्धा होतं. त्या दिवशी सणाला देवापुढे अंधार नको म्हणून ती स्वतः स्टुलावर चढली, तसबीर खाली काढली, आणि मागच्या पुठ्ठ्याला चिकटलेलं एक लांबट पाकीट तिच्या पायावर पडलं.

पाकिटावर तिचंच नाव होतं. ते तीन वर्षांपूर्वीचं होतं, जून शहाण्णवचं. जव्हारच्या बाजूला मुलींची एक निवासी शाळा होती, तिथे मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता. मुलाखत उत्तम झाली होती. मग आठवडे गेले, महिने गेले आणि पत्र काही आलं नाही. पत्र आलं होतं. निवड झाली आहे, पंधरा दिवसांत कळवावं, असं त्यात लिहिलं होतं.

हेही एक वेळ तिने गिळलं असतं. तिला गिळता आली नाही ती दुसरीच गोष्ट. त्या जुलैमध्ये ती स्वयंपाकघरात बसून रडली होती, आणि हिलरीने स्वतःच्या हाताने चहा करून तिच्यापुढे ठेवला होता. तिच्या केसांवरून हात फिरवला होता. ‘जाऊ दे, तुझी लायकी त्यांना कळली नाही,’ असं म्हणाला होता. रोनाल्ड, त्यांचा मुलगा, तेव्हा दहावीत होता. बापाकडे बघून शीक, बायकोला कसं सांभाळावं, असं ती त्या पोराला म्हणाली होती. आता ते आठवलं की तिच्या अंगाची आग व्हायची.

त्या संध्याकाळी हिलरी आला तेव्हा पाकीट टेबलावर होतं. तो बघून मटकन बसला. मग सुरू झाली कारणं. आई आजारी होती. घर कोण बघणार होतं. मी देणारच होतो, मग उशीर झाला, मग उशीर झाला म्हणून देता येईना. सैतानाने बुद्धी दिली. शेवटी त्याने कडी केली, म्हणाला, देवाच्याच मनात नसेल. सालोमीला यातल्या प्रत्येक कारणाचा राग आला आणि शेवटच्याचा सगळ्यांत जास्त. शहाण्णवच्या जूनमध्ये तिच्या सासूबाई, इनेझबाई, माणिकपूरच्या बाजारात स्वतः चालत जाऊन कोळणींशी भांडून बोंबील आणत होत्या. त्या आजारी पडल्या दुसऱ्या वर्षी, आणि त्यातच गेल्या. आणि सैतान म्हणे. एवढ्या मोठ्या जगात लढाया लावायच्या सोडून सैतान उमेळ्याला येऊन टपाल लपवत बसलाय.

तिला त्याच्याकडून एकच गोष्ट ऐकायची होती. कुणी भरीस घातलं नाही, मला तू जायला नको होतीस, म्हणून मी लपवलं. एवढंच. ते तो बोलला असता तर ती रडली असती, ओरडली असती, दोन ताटल्या फोडल्या असत्या आणि कदाचित ते मागे टाकलं असतं. पण तो रोज नवं कारण आणायचा. आणि मग कारणं संपली तेव्हा गप्प बसू लागला.

देवाशीही तिचं बिनसलं होतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात दर वर्षी एखादं पोर उठून विचारायचंच, टीचर, देवाला सगळं आधी ठाऊक असतं ना, मग त्याने आदामाला फळ का खाऊ दिलं? हात का नाही धरला? तिचं उत्तर एकोणीस वर्षं ठरलेलं होतं. देवाला कळसूत्री बाहुल्या नको होत्या, मुलं हवी होती. ज्याला वाईट करताच येत नाही, त्याच्या चांगलं करण्याला काय अर्थ? पोरं माना हलवायची, तीही पुढच्या धड्याकडे वळायची. आता ते उत्तर तिच्याच घशात अडकलं होतं. पत्र कुठे बाहेर लपवलं असतं तर गोष्ट वेगळी. हे देवाच्या पाठीला चिकटवलेलं होतं. तो वरून उघड्या डोळ्यांनी तीन वर्षं बघत होता, आणि एकदा तसबिरीचा खिळासुद्धा त्याने निसटू दिला नाही.

तो बल्ब मग तसाच राहिला. हिलरी नवा आणायला निघाला तेव्हा ती म्हणाली होती, “तुम्ही त्या तसबिरीला हात लावायचा नाही.” आणि स्वतः तिने लावला नाही. संध्याकाळी दोघं त्या अंधाऱ्या तसबिरीसमोर गुडघे टेकून रोझरी म्हणत. ती चुकवणं दोघांच्याही हाडात नव्हतं. प्रत्येक प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग तिने म्हणायचा, दुसरा त्याने. दिवसभरात एकमेकांशी बोलणं ते एवढंच.

आणखी एक गोष्ट होती, ती हिलरीला ठाऊक नव्हती. त्या निवासी शाळेत जागा पुन्हा रिकामी झाली होती. सालोमीने ऑक्टोबरमध्ये अर्ज केला, शाळेच्या सहलीचं निमित्त सांगून मुलाखतही देऊन आली. अर्जावर पत्ता मात्र उमेळ्याचा घातला नाही, माणिकपूरचा, नॅन्सीच्या घरचा घातला. पत्र आलं की पेटी भरायची आणि जायचं, असं तिने ठरवलं होतं. पुन्हा परतायचं की नाही, हे ठरवलं नव्हतं. नॅन्सीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, बघू. नॅन्सीला कळलं की या ‘बघू’चा अर्थ बराचसा ‘नाही’ असा आहे.

तर अशा या आदर्श जोडप्याने डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संसार दुरुस्त करायला शिकवायचं होतं.

शिबिराला एकोणीस जोडपी होती. सगळी नटूनथटून, खुर्च्या एकमेकींना खेटून. सालोमी वीस मिनिटं बोलली आणि चांगली बोलली. शिकवायचं म्हटलं की तिला काहीही शिकवता येई. ऐकून घ्यावं, शब्द जपून वापरावा, सूर्य मावळायच्या आत राग सोडावा. बोलता बोलता तिला स्वतःचीच चीड येत होती. शेजारी हिलरी इस्त्रीच्या शर्टात बसला होता. वर्कशॉपच्या पावतीपुस्तकाच्या मागे त्याने काहीतरी लिहून आणलं होतं आणि तो कागद तो घामेजल्या बोटांनी दुमडत होता. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, टीचरने सगळं सांगितलं, माझ्याकडे वेगळं काही नाही. मुलं हसली. सालोमीच्या कपाळाची शीर तडतडली. इथेही हा गप्प.

मग चिठ्ठ्या आल्या. बिस्किटाच्या डब्यात प्रत्येकाने नाव न लिहिता एक प्रश्न टाकायचा, फादरनी वाचायचा, जोडप्याने उत्तर द्यायचं. सासूचे दोन झाले, नोकरीचे तीन झाले. मग फादरनी एक चिठ्ठी उघडली आणि वाचण्याआधी चष्मा सारखा केला. कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं: आपलं माणूस आपल्याशी वाईट वागणार आहे हे देवाला दिसत असतं, तर देव त्याचा हात का धरत नाही?

हे काय लग्नाच्या शिबिरात विचारतात? पण विचारलं होतं, आणि फादरनी कौतुकाने सालोमीकडे पाहिलं. टीचरचा हा हातखंडा विषय. ती उठली, म्हणाली, देवाला कळसूत्री बाहुल्या नको होत्या. आणि थांबली. पुढचं वाक्य एकोणीस वर्षांचं पाठ होतं, ते तोंडातून निघेना. अडतीस माणसं तिच्याकडे बघत होती.

तेव्हा हिलरी उठला. तो कागद त्याने खुर्चीवरच ठेवला.

“मी सांगतो,” तो म्हणाला. “हिचं एक पत्र मी लपवलं होतं. नोकरीचं. घरच्या तसबिरीमागे. मला वाटायचं, मी एकदाच लपवलं. पण आमच्याकडे रोज रोझरी होते. रोज मी त्या तसबिरीसमोर गुडघे टेकायचो, आणि देव मला रोज विचारायचा, आज काढतोस का. मी रोज म्हणायचो, उद्या. तीन वर्षं. म्हणजे एकदा नाही, हजार वेळा लपवलं. देवाने हात धरला नाही हे खरं. पण रोज विचारलं. मीच ऐकलं नाही.”

हिलरीने घसा खाकरला.

“आई आजारी होती वगैरे मी मागाहून शोधलं. मला कुणी भरीस घातलं नव्हतं. ही माझ्यापेक्षा मोठी होईल आणि निघून जाईल, याची भीती वाटली. म्हणून केलं.”

तो खाली बसला. फादर एडवर्ड पांढरे पडले होते. त्यांनी घाईघाईने चहाची सुट्टी जाहीर केली.

आता इथे कुणालाही वाटेल, सालोमीला हवं ते मिळालं, तिचे डोळे भरून आले असतील. छे. ती इतकी संतापली होती की चहाचा भरलेला कप तिने तसाच परत ठेवून दिला. आठ महिने ती ज्या दोन वाक्यांसाठी वाट बघत होती, ती वाक्यं या माणसाने अडतीस परक्या पोरापोरींना आणि एका फादरला वाटून टाकली होती. तिला सांगायचं सोडून. घरी, स्वयंपाकघरात, ओटीवर, विहिरीवर, जागा काय कमी होत्या?

परतताना उमेळ्याच्या वळणावर तिने त्याला स्कूटर थांबवायला लावली. जिथे पूर्वी केळी होत्या तिथे नवी इमारत उठत होती, तिच्या वाळूच्या ढिगापाशी दोघं उभे राहिले.

“हे घरी बोलायला तुमचं तोंड शिवलं होतं का?” ती म्हणाली.

हिलरी हँडलकडे बघत म्हणाला, “घरी तू मला तुम्ही म्हणतेस. मी घरी कुणाशी बोलू?”

ती जाऊन स्कूटरवर बसली. हा माणूस आता तिलाच गुन्हेगार ठरवणार. घरी पोचेपर्यंत ती मनात त्याच्याशी भांडत होती. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला उगाचच हिशेब सुचला, की ईस्टरपासून आजपर्यंत रोज सकाळी उठून आपणही एक ‘तुम्ही’ काढतो आणि दोघांच्या मध्ये ठेवतो. कुणी भरीस न घालता. आणि नॅन्सीच्या पत्त्याआड आपलंही एक येणारं पत्र लपलेलं आहे. तिने कूस बदलली. हे दोन्ही सारखं नव्हे, तिने स्वतःला बजावलं. सारखं नव्हतंच. पण अगदी वेगळंही वाटेना, आणि तिला झोप लागली नाही.

नाताळ आला आणि गेला. रोनाल्ड पुण्याच्या हॉस्टेलवरून येऊन चार दिवस राहून परतला. शिबिरातली गोष्ट गावभर झाली, पण गंमत अशी की कुणी सालोमीला काही विचारलं नाही. हिलरीला मात्र दोन-तीन बायकांनी रस्त्यात थांबवून चांगलं सुनावलं. त्याने ते मान खाली घालून ऐकून घेतलं. कारणं सांगितली नाहीत. हे सालोमीच्या कानावर आलं.

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी चाचणीचे पेपर तपासत बसली होती. खिडकीतून विहीर दहा पावलांवर. विहिरीची मोटर बिघडली होती आणि हिलरी ती खोलून, सगळे भाग गोणपाटावर मांडून, कोपरापर्यंत ग्रीस माखून बसला होता. तेवढ्यात काशीराम पोस्टमनची सायकल वाडीत शिरली.

काशीरामचा आवाज मोठा. त्याच्याकडे माणिकपूरचंही टपाल असे आणि उमेळ्याचंही, आणि वीस वर्षांत या भागातलं माणूस न् माणूस त्याला ठाऊक झालं होतं. त्याने पिशवीतून एक लांबट पाकीट काढलं. टीचरचं आहे, म्हणाला. कुणी शहाण्याने पत्ता माणिकपूरचा घातलाय, बहिणीच्या घरचा. मला काय ठाऊक नाही टीचर कुठे राहते? म्हटलं, थेट घरीच देऊ. हिलरीने ग्रीसचे हात चिंधीला पुसले आणि दोन बोटांच्या चिमटीत पाकीट घेतलं. काशीराम एक चांगलं काम केल्याच्या समाधानात घंटी वाजवत निघून गेला.

सालोमीच्या हातातलं लाल पेन थांबलं. खिडकीतून पाकिटावरचा निळा शिक्का तिला दिसत होता. तिच्या घशापर्यंत हाक आली. ए, ते इकडे आण. एवढं म्हणायचा अवकाश होता. तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.

हाक मारली असती तर पत्र मिळालं असतं. पण हिलरीने काय केलं असतं, ते मग कधीच कळलं नसतं. तिला नाही आणि त्यालाही नाही. ती श्वास रोखून बसली. हात धरायचा नाही, ओरडायचं नाही, नुसतं बघायचं. वर्गातल्या पोरांना ती हे एकोणीस वर्षं किती सहज सांगत आली होती. हे सहज नव्हतं. देव आदामाकडे असाच बघत बसला असेल, दातओठ खात, अरे मूर्खा, नको, नको रे, असं मनातल्या मनात म्हणत. इतका वैताग सोसून त्याने माणसाला मोकळं सोडलं असेल, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

हिलरी पत्त्याकडे बघत होता. बराच वेळ. त्याने तो दोनदा वाचला असावा. मग त्याचा चेहरा बदलला. आपल्याच घराचं दार आपल्यासाठी बंद आहे, हे त्याला कळलं असावं. त्याने विहिरीवर हात धुतले आणि तो घरात शिरला. ओटीवरच्या खोलीत त्याची पावलं वाजली. तसबिरीपाशी येऊन थांबली.

सालोमी जागची हलली नाही. एक क्षण गेला, दोन गेले. मग खिळ्यावरून किल्ली काढल्याचा आवाज आला. स्कूटरची किल्ली तसबिरीच्या खालच्या खिळ्यालाच असायची. दोन लाथांत स्कूटर सुरू झाली आणि आवाज वाडीबाहेर निघून गेला.

ती धावत ओटीवर आली. स्टूल ओढलं, वर चढली आणि तसबीर काढली. मागे काही नव्हतं, थोडी कोळिष्टकं तेवढी होती. तिने टेबलाखाली पाहिलं, प्रार्थनेच्या पुस्तकात पाहिलं. पत्र घेऊन गेला. पुन्हा तेच. अडतीस जणांसमोर छाती पिटून आला आणि महिन्याभरात पुन्हा तेच. आता कुठे खाडीत टाकतोय की वालीवच्या भंगारात? हाक मारली असती तर! तिने तसबीर भिंतीला टेकवून तिच्याकडे पाहिलं. “आणि तू नुसता बघत बस,” ती त्या शांत, दाढीवाल्या चेहऱ्याला म्हणाली. “दुसरं तुला येतंय काय?”

पाऊण तास गेला. तिने पेटी काढली. कपाटातून चार साड्या काढून तिच्यात टाकल्या, परत काढल्या, पुन्हा टाकल्या. मोटर उघडी पडल्यामुळे नळाला पाणी नव्हतं, साध्या चहालाही विहिरीतून पाणी ओढावं लागणार होतं, आणि या गोष्टीचा तिला त्या क्षणी पत्रापेक्षा जास्त राग आला.

फोन वाजला. नॅन्सी होती.

“सालू, हिलरी आलाय इथे,” नॅन्सी म्हणाली. तिचा आवाज जरा चमत्कारिक येत होता. “तुझं पत्र घेऊन. पाकीट बंद आहे, फोडलेलं नाही. मी म्हटलं, अरे, ती घरातच होती ना, तिच्या हातात का नाही दिलंस? तर म्हणतो, पत्ता इथला आहे. तिला ते इथे यायला हवं होतं, म्हणून इथे आणलं. आणि दारातच उभा आहे, आत येत नाही. कपडे सगळे ग्रीसचे.”

सालोमी फोनजवळच्या खुर्चीवर बसली. तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्याचा वैताग आला. दहा पावलांवर ती बसली होती. दहा पावलं सोडून हा गाढव मोटर उघडी टाकून माणिकपूरला गेला, कारण तिने त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं आणि त्याला ते मोडायचं नव्हतं.

“सालू? मी उघडून वाचू का तुला?”

“नको,” सालोमी म्हणाली. “त्याला दे फोन.”

नॅन्सीने त्याला हाक मारून आत घेतलं, आणि पलीकडे फोन हातातून हातात गेला.

“हिलरी,” ती म्हणाली, आणि कशी कोण जाणे, घरची बोली आपोआप तोंडात आली. “निवड झाली असेल तर मी जाणार आहे. या वेळी जाणार.”

“हो,” तो म्हणाला. “जा.”

“दर शनिवारी मला आणायला कोण येणार, ते तुझं तू ठरव.”

तिने वाट पाहिली. घाई केली नाही, वाक्य त्याच्या तोंडात घातलं नाही.

“मी येईन,” हिलरी म्हणाला.

“मग तिथे चहा पीत बसू नकोस. पत्र घे आणि घरी ये. आल्यावर फोडू.” तसबीर अजून तिच्या पायाशी भिंतीला टेकून उभी होती. तिने पदराने काचेवरची धूळ पुसली. “आणि येताना तो लाल बल्ब आण.”